मूल शाळेत जात नाही, मग लस कशाला?

नमस्कार डॉक्टर,

आम्ही नाशिकला गंगापूर रोडला राहतो. मुलगी साडेसहा वर्षांची, मुलगा दहा महिन्यांचा. मुलीला शाळेत घातलेलं नाही, घरीच शिकवतो. आमच्यासारखी आणखी सात-आठ कुटुंबं आहेत. आठवड्यातून दोनदा भेटतो, कधी कुणाच्या घरी, कधी गिरणाऱ्याजवळ एका मित्राच्या शेतावर. मुलं मातीत, झाडांत, गाईगुरांत रमतात.

मुलीला साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी दिल्या होत्या. शेवटच्या लसीनंतर तिला रात्रभर ताप होता आणि ती तीन-चार तास एकसारखी रडत होती. आम्ही दोघं फार घाबरलो. पुढची लस ‘नंतर बघू’ म्हणत राहून गेली. मग या गटात आलो. इथली बहुतेक मुलं बिनलसीची आहेत आणि ठणठणीत आहेत. गटातले म्हणतात, मूल शाळेत जातच नाही तर रोग येणार कुठून? आणि आलाच, तर रोग होऊन मिळालेली प्रतिकारशक्ती लसीपेक्षा पक्की. अमेरिकेत होमस्कूलिंग करणाऱ्या आयांचे व्हिडिओ आम्ही बघतो, त्याही हेच सांगतात. त्यामुळे मुलाला जन्मल्यावर दवाखान्यात मिळाल्या तेवढ्याच लसी झाल्या.

सासूबाईंना हे अजिबात पटत नाही. त्यांचा धाकटा भाऊ पोलिओमुळे एका पायाने अधू आहे. मिस्टर गटाच्या बाजूने आहेत. मी मध्ये अडकले आहे. शिवाय आशाताई आल्या की मी दार उघडत नाही. मुलीची शाळा कोणती असं विचारलं तर काय सांगू, ही धास्ती. लस द्यायला लागलो तर आमची घरशाळा अडचणीत येईल का? आणि गट तुटेल का?

– एक आई, नाशिक

*

ताई,

आधी उत्तर सांगते, कारणं मागाहून. मुलाला याच आठवड्यात लसीसाठी न्या. त्याच्या पहिल्या वाढदिवसाला दोन महिने उरलेत आणि ते महत्त्वाचे आहेत. पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्र लस), रोटा (जुलाबांवरची) आणि न्यूमोकोकल (न्यूमोनियावरची) या लसींची सुरुवात सरकारी कार्यक्रमात पहिल्या वाढदिवसाच्या आत करावी लागते. एकदा पहिला डोस पडला की पुढचे पूर्ण करता येतात. गोवर-रुबेलाच्या लसीचं त्याचं वय तर नवव्या महिन्यालाच झालं. मुलीलाही न्या. तिचं गणित थोडं वेगळं आहे, ते पुढे लिहिते.

आणि घरशाळा? ती खुशाल चालू ठेवा. तुमच्या पत्रातून मुलगी कशी वाढते आहे ते मला दिसतं. ती बरी वाढते आहे. मुलाला कुठे आणि कसं शिकवायचं हा तुमच्या घराचा निर्णय आहे, आणि तो विचार करून घेतलेला दिसतो. लस न देण्याचा निर्णय मात्र तुम्ही विचार करून घेतलेला नाही. पत्र पुन्हा वाचून बघा. एका रात्रीची भीती, मग ‘नंतर बघू’, मग गटातल्या बाकीच्यांनीही दिली नाही म्हणून राहून गेलेली गोष्ट. या दोन गोष्टी तुमच्या घरात एकापाठोपाठ आल्या म्हणून त्या एकाच विचारातून आल्या असं तुम्हाला वाटू लागलं आहे. त्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही.

अमेरिकेत संबंध आहे, आणि तो का आहे हे तुम्हाला माहीत असायला हवं, कारण तुम्ही बघता ते व्हिडिओ तिथून येतात. तिकडे प्रत्येक राज्यात शाळेत नाव घालायचं तर ठरावीक लसी झालेल्या असाव्या लागतात. बहुतेक राज्यांत धर्माच्या किंवा मताच्या कारणाने सूट मिळते. कॅलिफोर्नियातही मिळायची. डिसेंबर २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डिस्नीलँडमधून गोवराची साथ पसरली आणि २०१५ मध्ये त्या राज्याने कायदा करून अशी सूट बंद केली. पण घरी शिकणाऱ्या मुलांना त्या कायद्यातून वगळलं. मग ज्यांना लस नको होती त्यांच्यासाठी होमस्कूलिंग ही एक पळवाट झाली. म्हणजे तिथल्या काही आयांनी आधी लस नाकारली आणि त्यामुळे शाळा सोडली. त्या बोलतात तेव्हा दोन्ही गोष्टी एका दमात बोलतात. तुम्ही शाळा सोडलीत ती मुलीला मोकळेपणी शिकता यावं म्हणून. आपल्याकडे बाळांच्या लसी कायद्याने सक्तीच्या नाहीत आणि लसीच्या सक्तीपायी कुणाला घरशाळा धरावी लागत नाही. त्यांच्या भांडणाची बाजू आपण आपल्या मुलांच्या अंगावर का घ्यायची?

आता ‘रोग येणार कुठून’ हा प्रश्न. याचं उत्तर तुमच्या जिल्ह्यातच आहे. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या बाजूला गोवराची साथ आली, तशीच ती मालेगावात आणि भिवंडीतही आली. मालेगाव तुमच्या घरापासून शंभरेक किलोमीटर. रोज शेकडो गाड्या त्या रस्त्याने नाशकात येतात. गोवराचा विषाणू हवेतून जातो, आणि आजारी माणूस खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत त्या हवेत टिकू शकतो. लस न झालेली दहा मुलं त्याच्या संपर्कात आली तर त्यांतल्या नऊ जणांना गोवर होतो. शिवाय पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून मूल रोग पसरवत असतं, म्हणजे त्याच्या आईलाही ते माहीत नसतं. दवाखान्याची प्रतीक्षा खोली, एसटी स्टँड, लग्नाचा हॉल, वाचनालय, मामाचं घर, यांतलं काहीही पुरतं. शाळा लागत नाही. आणि नाशिकच्या बाबतीत एक गोष्ट तर वेगळीच. २०२७ च्या सिंहस्थात अमृतस्नानाला देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं रामकुंडावर येतील, त्र्यंबकेश्वरला येतील, तुमच्या-माझ्या नातेवाइकांकडे मुक्कामाला राहतील. त्या काळात मुलाला चार भिंतींत कोंडून ठेवायची कुणाची तयारी आहे? तुमची तर नक्कीच नाही, तुमची मुलं बाहेरच वाढतात.

बिनलसीची मुलं एकत्र येतात तेव्हा काय होतं, हे घरी शिकणाऱ्या मुलांच्या बाबतीतच दिसून आलं आहे. २००५ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात एक सतरा वर्षांची मुलगी रोमानियाहून परतली. तिने लस घेतलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी ती चर्चच्या मेळाव्याला गेली, तिथे पाचेकशे माणसं होती. त्यातून ३४ जणांना गोवर झाला. त्या राज्यात शाळेतल्या जवळजवळ सगळ्या मुलांचं लसीकरण झालेलं होतं, तरीही. जे आजारी पडले त्यांतली शाळेच्या वयाची बहुतेक मुलं घरी शिकणारी होती. रोग राज्यभर पसरला नाही, कारण भोवतालच्या लोकांना लस होती. तो फिरला तो एकमेकांना ओळखणाऱ्या, एकमेकांकडे जेवणाऱ्या, एकत्र प्रार्थना करणाऱ्या घरांतच. तुमच्या सात-आठ घरांचा विचार करा. २०२५ मध्ये टेक्सासमध्येही असंच झालं. साडेसातशेहून अधिक रुग्ण, आणि लस न दिलेल्या, शाळेच्या वयाच्या दोन मुलींचा मृत्यू. साथ सुरू झाली त्या भागात घरी शिकवणारी कुटुंबं बरीच होती.

तुमच्या गटातली मुलं ठणठणीत आहेत यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण सात-आठ घरांवरून गोवराबद्दल काहीच ठरवता येत नाही. त्या मुलांना आजवर गोवर गाठू शकला नाही, कारण शेजारच्या इमारतीतल्या, भाजीवाल्याच्या, कामाला येणाऱ्या मावशींच्या मुलांनी लस घेतली आहे. ही गोष्ट मला फार लागते, म्हणून स्पष्ट लिहिते. ज्यांच्या मुलांनी सुई सोसली त्यांच्या आडोशाने आपली मुलं सुखरूप आहेत, आणि आपण म्हणतो आहोत की सुईची गरजच नाही.

एका रोगाला मात्र हा आडोसाही चालत नाही, आणि तुमच्या बाबतीत मला सगळ्यांत जास्त काळजी त्याचीच वाटते. धनुर्वात. तो माणसाकडून माणसाला होत नाही, त्यामुळे अख्ख्या नाशिकने लस घेतली तरी तुमच्या मुलांचं त्यापासून रक्षण होणार नाही. त्याचे जंतू मातीत असतात, शेणात असतात, गुरांच्या गोठ्यात असतात. तुमच्या मुलांचा वर्ग जिथे भरतो, बरोबर तिथे. मी तुम्हाला शेत सोडायला सांगत नाही, उलट त्याबद्दल तुमचं कौतुकच आहे. पण शाळेच्या बंद वर्गात बसणाऱ्या मुलापेक्षा अनवाणी बांधावर पळणाऱ्या मुलाला ही लस जास्त हवी. एखादा काटा, गंजलेली तार, खुरप्याचा निसटता वार, जखम इतकी छोटी की संध्याकाळी कुणाला आठवतही नाही. काही दिवसांनी जबडा आवळायला लागतो. गिळता येत नाही. मग अंगाचे स्नायू असे ताणतात की पाठ कमानीसारखी वाकते. मूल शुद्धीवर असतं आणि नुसत्या आवाजाने किंवा उजेडानेही त्याला आचके येतात. अतिदक्षता विभागात आठवडे काढावे लागतात. आणि गटातल्या ‘रोग होऊन मिळालेली ताकद पक्की’ या म्हणण्यासमोर हे ठेवा: धनुर्वातातून मूल वाचलं, तरी त्याच्या अंगात त्या रोगाविरुद्ध प्रतिकारशक्ती तयार होत नाही. बरं झालेल्या माणसालाही लस द्यावीच लागते.

गोवराबद्दल तर हे म्हणणं उलट दिशेला जातं. गोवर एकदा झाला की सहसा पुन्हा होत नाही, इतकं त्यात खरं आहे. पण त्याची किंमत बघा. न्यूमोनिया, जुलाब, कानात पू, मेंदूला सूज. औषधोपचाराची सगळी सोय असलेल्या देशातही गोवर झालेल्या हजार मुलांमागे एक ते तीन दगावतात. काही मुलांमध्ये तो सात-आठ-दहा वर्षांनी मेंदूच्या असाध्य आजाराच्या रूपाने परततो, आणि त्यावर उपाय नाही. आणखी एक गोष्ट २०१९ मध्ये समोर आली. नेदरलँड्समधल्या एका धर्मनिष्ठ समाजात लस न घेतलेल्या मुलांमध्ये गोवराची साथ आली होती. त्यांतल्या ७७ मुलांचं रक्त गोवराच्या आधी आणि नंतर तपासलं, तेव्हा दिसलं की इतर रोगांविरुद्ध त्यांनी आजवर कमावलेल्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के गोवराने पुसून टाकले होते. ज्या रोगांशी ती मुलं आधीच लढून आली होती, त्यांच्याशी पुन्हा पहिल्यापासून लढण्याची वेळ त्यांच्यावर आली. नैसर्गिक ताकद वाढवायची म्हणून गोवर अंगावर घ्यावा, तर तो असलेली ताकदच खातो.

लसीने मिळते ती ताकदही मुलाच्या स्वतःच्या शरीराचीच असते. लस फक्त ओळख करून देते, लढायला शिकतं ते शरीर.

ऑटिझमचा मुद्दा तुम्ही पत्रात काढला नाहीत, पण गटात तो असणारच, म्हणून चार ओळी. १९९८ मध्ये एका ब्रिटिश डॉक्टरने फक्त बारा मुलांवरून एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला) लसीबद्दल तसा संशय निर्माण केला. त्याचा तो लेख नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला आणि त्याचा डॉक्टरकीचा परवानाही गेला. पुढे डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांचा अनेक वर्षं मागोवा घेतला. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत ऑटिझमच्या प्रमाणात फरक आढळला नाही.

आता त्या रात्रीकडे येते, कारण माझ्या मते तुमच्या घरातली खरी गोष्ट तीच आहे. साडेतीन महिन्यांचं बाळ तीन-चार तास थांबता थांबत नाही, अंग तापलेलं, आणि ‘आपणच हिला नेऊन हे करून घेतलं’ हा विचार. तुम्ही दोघं घाबरलात यात काहीच चूक नव्हती. लस टोचणाऱ्यांनी तुम्हाला आधीच नीट सांगायला हवं होतं. पेंटाव्हॅलंटमध्ये डांग्या खोकल्याविरुद्धचा जो भाग असतो त्यामुळे ताप येतो, मांडी सुजते, आणि काही बाळं तासन् तास रडतात. हे माहीत असलेलं, पुस्तकात लिहिलेलं दुष्परिणामाचं रूप आहे. ते एक-दोन दिवसांत उतरतं आणि मागे काही ठेवत नाही. तुमची मुलगी साडेसहा वर्षं छान वाढली हे तुम्ही स्वतःच बघितलं आहे. पुढची लस थांबवावी असं ते कारण नव्हतं. थांबवण्याची कारणं वेगळी असतात: आधीच्या डोसनंतर लगेच श्वास कोंडणं, चेहरा सुजणं अशी तीव्र ॲलर्जी, डांग्या खोकल्याच्या लसीनंतर आठवड्याभरात मेंदूवर परिणाम झालेला असणं, आणि गोवरासारख्या जिवंत लसींच्या बाबतीत मुलाची प्रतिकारशक्ती एखाद्या गंभीर आजाराने किंवा केमोथेरपीने खालावलेली असणं. यांतलं काही तुमच्या पत्रात नाही. सर्दी, थोडा खोकला, दात येणं, हीदेखील कारणं नाहीत, जरी घरोघरी ती सांगितली जातात.

लसी अगदी निर्धोक असतात असं मी म्हणणार नाही. एमएमआरनंतर आठवड्या-दीड आठवड्याने काही मुलांना ताप येतो, बारीक पुरळ उठतं. तीन-चार हजार डोसांमागे एखाद्या मुलाला तापामुळे झटका येतो. बघणाऱ्याचं काळीज थरथरतं, पण असे तापाचे झटके मुलाला कायमची इजा करत नाहीत. तीव्र ॲलर्जी साधारण दहा लाख डोसांत एखाद-दुसरी. ती बहुतेक वेळा लगेचच दिसते, म्हणूनच टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसवून ठेवतात. त्या अर्ध्या तासाची घाई कधीही करू नका.

मिस्टरांशी बोलताना गटाला चूक ठरवू नका. तो वाद तुम्ही जिंकलात तरी लस होणार नाही. त्या रात्रीबद्दल बोला. तेही तिथेच अडकले असण्याची शक्यता मला जास्त वाटते. गटाच्या मतामुळे त्या भीतीला एक आधार मिळाला, इतकंच. त्यांना त्यांचे प्रश्न कागदावर लिहायला सांगा आणि बालरोगतज्ज्ञांकडे दोघं मिळून जा. अशी वेळ घ्या की डॉक्टरांना पंधरा-वीस मिनिटं देता येतील, संध्याकाळच्या गर्दीत नको. डॉक्टर प्रश्न ऐकून घेत नसतील, वैतागत असतील, तर दुसरे डॉक्टर बघा. नाशिकमध्ये त्यांची कमी नाही. आणि एकदा सासूबाईंनाही बोलू द्या. त्यांच्या भावाबद्दल त्यांनी मिस्टरांना नीट, सुरुवातीपासून सांगितलंय का कधी? आईच्या घरातल्या मामाची गोष्ट मुलाला अर्धीमुर्धीच माहीत असते. भारतात नैसर्गिक विषाणूने झालेल्या पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला, पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात. तोवर आपल्या पिढीने रविवारच्या बूथवर रांगा लावून दोन-दोन थेंब घेतले म्हणून तुमच्या गटातल्या आयांना पोलिओ हा फक्त ऐकीव शब्द उरला आहे. सासूबाईंच्या दंडावर देवीच्या लसीचा वणही असेल, मुलीला तो दाखवायला सांगा. आपल्या देशात देवीची पहिली लस १८०२ मध्ये मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. आज मुलीला ती लस घ्यावी लागत नाही, कारण तो रोगच जगातून गेला. घरी शिकवणाऱ्या आईला याहून चांगला इतिहासाचा धडा कुठे मिळणार?

गट तुटेल का? मला तसं वाटत नाही. प्रत्येक गोष्ट गटात जाहीर केलीच पाहिजे असं नाही, पण कुणी विचारलं तर लपवूही नका. ‘आम्ही डॉक्टरांशी बोलून लस द्यायचं ठरवलं’ एवढं पुरे. माझा अंदाज आहे की तुमच्यासारखी मधे अडकलेली आणखी एखादी आई तिथे आहे, आणि कुणीतरी आधी बोलण्याची ती वाट बघते आहे. मैत्रीच्या पलीकडचा एक विचारही आहे. सात-आठ तरुण घरं आहेत, कधीतरी त्यांतल्या कुणाला दिवस जातील. पहिल्या तीन महिन्यांत रुबेला झाला तर गर्भातल्या बाळाचे कान, डोळे, हृदय यांना इजा होते. ज्या मुलाकडून तो रुबेला आईला होतो, त्याला मात्र नुसता दोन दिवसांचा ताप आणि थोडं पुरळ येतं.

आशाताईंना दार उघडा. त्यांच्याकडे लसींची, गरोदर बायांची, लहान बाळांची नोंद असते. त्या कुणाची शाळा तपासायला फिरत नाहीत. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांबद्दल आहे आणि त्यात होमस्कूलिंगचं नाव घेऊन परवानगीही दिलेली नाही, बंदीही घातलेली नाही. महाराष्ट्रात शाळाबाह्य मुलांची सर्वेक्षणं होतात हे खरं, तेव्हा कधीतरी तुम्हाला कुणी विचारेलही. त्या दिवशी ‘घरी शिकवतो, हे बघा तिचं काम, पुढे एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून) परीक्षा देणार’ असं सरळ सांगता यावं अशी तयारी ठेवा. तिच्या वह्या, चित्रं, वाचलेल्या पुस्तकांची यादी जपून ठेवा. पण त्या प्रश्नाच्या भीतीने दहा महिन्यांच्या बाळाची लस अडवून ठेवणं हा त्यावर उपाय नाही. तरीही मन घेत नसेल तर खाजगी दवाखान्यात जा. तिथे मुलीच्या शाळेचं नाव कुणी विचारत नाही.

उलट दार बंद ठेवल्याने एक वेगळंच नुकसान होतं. शाळेत जाणाऱ्या मुलाभोवती आरोग्याची एक व्यवस्था असते आणि ती इतकी मुकाट चालते की आईबापांच्या लक्षातही येत नाही. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाचा टीडी डोस अनेकदा शाळेतच होतो. जंताची गोळी शाळेत मिळते. आरोग्य तपासणीचं पथक येतं. डोळे, दात, कान बघतं. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम झाली तेव्हाही नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांना शोधण्याची सुरुवात शाळांपासूनच केली होती. घरी शिकणारं मूल या सगळ्यातून नकळत सुटतं. त्याची आठवण करून देणारं कुणी नाही. म्हणून शाळा नाकारणाऱ्या घराला लसीची आणि तपासणीची वही जास्त काटेकोरपणे ठेवावी लागते. माझ्या मते घरशाळेच्या निर्णयाबरोबर ही जबाबदारी येतेच.

आता मुलीचं. ती सात वर्षांची व्हायच्या आत डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) राहिलेला डोस घ्या. सात झाल्यावर ती लस देत नाहीत, मग टीडी किंवा टीडॅप (टीडीतच डांग्या खोकल्याचा भाग असलेली लस) देतात. गोवराची लस तिला कधीच मिळालेली नाही. सरकारी केंद्रात नियमित गोवर-रुबेलाची लस पाच वर्षांपर्यंत मिळते, त्यामुळे तिच्यासाठी खाजगी बालरोगतज्ज्ञांकडून एमएमआरचे दोन डोस, मध्ये किमान चार आठवडे ठेवून, घ्या. त्यात गालगुंडाचाही भाग असतो, जो सरकारी लसीत नाही. दोन डोसांनंतर गोवरापासून सुमारे ९७ टक्के संरक्षण मिळतं. पोलिओची इंजेक्शनची लसही तिला लागेल, ते डॉक्टर कार्ड बघून ठरवतील. कांजिण्या, हिपॅटायटिस ए, टायफॉइड, फ्लू या लसी सरकारी यादीत नाहीत. त्यांत मात्र घरोघरी वेगळा निर्णय होऊ शकतो, कारण पैशांचाही प्रश्न असतो. तुम्ही बाहेरचं पाणी, शेतावरचं जेवण, प्रवास यांत राहता, म्हणून माझा कल टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए देण्याकडे आहे. पण आधी बाकीच्या.

मुलासाठी महापालिकेचं आरोग्य केंद्र किंवा दवाखाना उत्तम. लसी तिथे मोफत आहेत आणि त्यांचा दर्जा कमी असतो हा गैरसमज आहे. पेंटाव्हॅलंटचे तीन डोस चार-चार आठवड्यांच्या अंतराने होतील. गोवर-रुबेला त्याच दिवशी दुसऱ्या मांडीत किंवा दंडात देता येते. एका दिवशी दोन-तीन लसी दिल्याने बाळाच्या शरीरावर ओझं होत नाही. ताप फार त्रास देईल अशी भीती वाटत असेल तर खाजगीत ‘पेनलेस’ म्हणून मिळते तिच्याबद्दल विचारा. ती महाग असते, पण ताप आणि रडणं कमी होतं. कुठलीही द्या, द्या हे महत्त्वाचं.

टोचायला नेताना मुलीला ‘काही दुखणार नाही’ असं सांगू नका. दुखतं, आणि तिला ते कळणारच. ‘टोचेल, मी हात धरून बसेन, मग थोडा वेळ दंड दुखेल’ असं सांगा. निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून पॅरासिटामॉलचा डोस दोघांच्या वजनाप्रमाणे लिहून घ्या, म्हणजे रात्री अंदाजाने द्यावं लागणार नाही. आधीच्या त्या रात्रीबद्दल सांगा, किती वेळ रडली, ताप किती होता, आठवेल तेवढं. कार्ड सापडत असेल तर घेऊन जा, आणि यू-विन या लसीकरणाच्या सरकारी पोर्टलवर दोघांची नोंद करून घ्या, म्हणजे पुढे कार्ड हरवलं तरी अडत नाही. जुनं कार्ड नसेलच तर त्यासाठी थांबू नका. ज्या डोसची नोंद नाही तो झालेला नाही असं धरून पुन्हा दिला जातो. एखादा डोस जास्त झाला तर फार तर दंड थोडा जास्त दुखतो.